सर्वानुमते मंजूर

नगरहून मनमाडच्या दिशेनं निघालं की राहुरी मागे पडल्यावर कोल्हार खुर्द लागतं, मग प्रवरेवरचा पूल आणि पूल उतरलं की कोल्हार बुद्रुक. पुलाच्या अलीकडे तालुका राहुरी, पलीकडे राहाता. हा राहाता तालुकाही १९९९ सालचा, त्याआधीच्या सातबाऱ्यांवर वेगळाच तालुका सापडेल. कोल्हारला लागून भगवतीपूर. भगवतीमातेच्या देवळाला आलेल्या माणसाला कोल्हार कुठं संपलं आणि भगवतीपूर कुठं सुरू झालं हे सांगता येणार नाही, बोलताना लोक दोन्ही नावं एका दमात घेतात. ग्रामपंचायती मात्र दोन. इथूनच लोणी-संगमनेर-अकोल्याकडे जाणारा घोटीचा रस्ता फुटतो. आसपासच्या दहा-पंधरा गावांचा बाजार, दवाखाना, खताचं दुकान, मोबाइलची दुरुस्ती, लग्नाची खरेदी, सगळं इथं. आमचंही. मी राहतो ते गाव याच पट्ट्यातलं आहे, पण त्याचं नाव या लेखात येणार नाही. का येणार नाही ते पुढं कळेल.

कोल्हारच्या चौकात उभं राहून एक खेळ करून बघावा. दिसेल त्या वस्तूकडे बोट दाखवायचं आणि विचारायचं, हे कुणाचं? मोठा रस्ता राष्ट्रीय महामार्गवाल्यांचा. घोटीचा रस्ता राज्याचा. नदीचं पाणी जलसंपदाचं, नदीतली वाळू महसूलची. विजेचा खांब महावितरणचा. शाळेची इमारत जिल्हा परिषदेची, नाहीतर एखाद्या संस्थेची. रेशन तहसीलचं. पोलीस गृहखात्याचे. मग ग्रामपंचायतीचं काय? खांबावरचा दिवा तिचा. गल्लीतला रस्ता, गटार, नळ, कचरा, स्मशानभूमी, जन्ममृत्यूची नोंद, बाजारातल्या बसण्याच्या जागा.

‘एवढंच?’ असं कुणीही म्हणेल. एवढंच म्हणून सोडून देतो तिथंच आपण फसतो, असं माझं म्हणणं आहे. माणूस आयुष्यात कलेक्टरकडे चारदा जात असेल आणि मंत्र्याकडे कदाचित एकदाही नाही. नळाकडे तो रोज जातो.

पण कोल्हारसारख्या कुठल्याही बाजारगावात टपरीवर विषय काढा, बोलणं दोन मिनिटांत एकाच ठिकाणी येतं: ‘इथं नगरपंचायत व्हायला पाहिजे. निधी येईल.’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. कायद्यानं नगरपंचायतीसाठी लोकसंख्या दहा ते पंचवीस हजार लागते, शेतीबाहेरच्या रोजगाराची अट असते, आणि महामार्गावरची पुष्कळ गावं यात बसू शकतात. २०१४ साली सरकारनं तालुक्याच्या गावांना सरसकट नगरपंचायती द्यायचं धोरण घेतलं तेव्हा जी तालुक्याची गावं नव्हती ती आपोआप मागे राहिली, त्यांत जीव कितीही असो. कोल्हारसारखं गाव हिवरेबाजार होऊ शकत नाही आणि राहाता होऊ दिलं जात नाही, ही तक्रार खरी आहे.

तरीही मला ते वाक्य ऐकलं की राग येतो. रागाचं कारण त्यातलं दुसरं वाक्य. ‘निधी येईल.’

नगरपालिका झाल्यानं काय होतं हे बघायला आम्हाला लांब जावं लागत नाही. राहाता, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, संगमनेर, सगळं एसटीच्या टप्प्यात. या गावांत नगरसेवकांची मुदत संपली, आरक्षणाचा खटला सुप्रीम कोर्टात अडकला आणि जवळपास चार वर्षं प्रशासकानं कारभार केला. २०२५च्या मे महिन्यात कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून बजावलं, तेव्हा कुठं डिसेंबरात मतदान झालं. आपल्या जिल्हा परिषदेवर तर २०२२च्या मार्चपासून प्रशासक. आता मी एक प्रश्न विचारतो आणि वाचणाऱ्यानं मनातल्या मनात खरं उत्तर द्यावं. ही चार वर्षं आपल्या प्रभागाला नगरसेवक नाही, गटाला सदस्य नाही, याची आठवण किती वेळा झाली? कुणी उपोषणाला बसलं? कुणी गाव बंद ठेवलं? सहकारी सोसायटीवर सहा महिने प्रशासक आला तर तालुका पेटतो. इथं सगळी लोकनियुक्त पंगतच उठवून नेली आणि जेवणाऱ्यांनी पान सरकवून शेजारच्याकडून वाढून घेतलं. इच्छुक उमेदवार तेवढे हळहळत होते.

याचं कारण मला जे दिसतं ते असं. आपण पंचायतीला, पालिकेला, जिल्हा परिषदेला कारभारी मानतच नाही. तिला आपण अर्जदार मानतो. तिनं वर अर्ज करायचा, निधी आणायचा, ठेकेदाराला द्यायचा, नारळ फोडायचा. हे काम प्रशासकही करतो, कदाचित जास्त टापटिपीनं. मग सदस्य कशाला हवेत?

गावातले फलक वाचा. ‘अमुक साहेबांच्या विशेष प्रयत्नांतून मंजूर काँक्रीट रस्ता.’ रक्कम असते, फोटो असतात, हात जोडलेले असतात. रस्ता किती दिवस टिकला पाहिजे, खराब झाला तर कुणाला धरायचं, हे नसतं. आणि जो रस्ता कायद्यानंच पंचायतीचं काम आहे तो कुणाच्या ‘विशेष प्रयत्नां’नी का व्हावा? पोस्टमननं पत्र आणून दिलं तर आपण त्याचा फलक लावत नाही.

१९५८चा ग्रामपंचायत अधिनियम काढून बघा. कलम ४५ आणि त्याला जोडलेली ग्रामसूची. शेतीपासून स्मशानापर्यंत सत्तरहून जास्त कामं तिथं लिहिलेली आहेत. ७३वी घटनादुरुस्ती १९९३मध्ये लागू झाली आणि पंचायतीला घटनेत जागा मिळाली. म्हणजे कागदावर अधिकाराची टंचाई नाही. पैशाचं बघा. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा थेट गावाच्या खात्यावर आला ही मोठी गोष्ट होती, पण त्यातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला. कामं चांगलीच आहेत, हरकत नाही. पण आपल्या गावाला आधी काय लागतं हे ठरवण्याचा व्यायाम ज्या स्नायूनं करायचा, तो वापरलाच जात नाही. जलजीवनची टाकी येते. माणशी ५५ लिटर हा आकडा दिल्लीहून येतो. ठेकेदार टाकी बांधून जातो. पुढं मोटारीचं वीजबिल कोण भरणार, वॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचा पगार कुठून येणार, हा हिशेब तेवढा गावाच्या वाट्याला. तो करायला कुणी बसत नाही, कारण त्याचा नारळ फुटत नाही.

इथं माझा मुद्दा बऱ्याच जणांना आवडणार नाही, तरी सांगतो. गावानं घरपट्टी भरली पाहिजे, वेळेवर भरली पाहिजे, आणि कोल्हारच्या आकाराच्या गावांत ती आजच्यापेक्षा जास्त असली पाहिजे. महामार्गाला लागून दुमजली गाळे काढणाऱ्याला आणि मागच्या गल्लीत पत्र्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याला एकच माप लावू नये, म्हणून तर २०१५ साली भांडवली मूल्यावर कर बसवायची पद्धत आली. ती नीट लावली तर ज्याचा फायदा गावामुळं होतो तो गावाला देईल. पण दर ठरवणाऱ्या सदस्यांत गाळेवाले असतात, आणि मतं मागताना वाढीव पट्टीचं नाव काढायची कुणाची छाती नसते. त्यापेक्षा मुंबईला जाऊन निधी आणणं सोपं. निधी आणणारा दाता ठरतो, आणि पट्टी वसूल करणारा तेवढा वाईट.

या पट्ट्यातली एक गोष्ट मला फार दिवस छळते आहे. कोल्हारपासून जवळच लोणी. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांना बरोबर घेऊन तिथं सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५०च्या शेवटी तो सुरू झाला. शेतकऱ्यांनी पदरचे पैसे घालून शेअर घेतले होते. पंचाहत्तर वर्षांत सहकाराचं काय झालं तो वेगळा लेख आहे, पण एक सवय या भागात मुरली. शेअर घेतलेला माणूस वार्षिक सभेला जातो. अहवालाची प्रत मागतो. टनामागं पन्नास रुपये कमी दिसले तर त्याला झोप येत नाही. रिकव्हरी किती, तोडणी-वाहतूक किती, मळीचे किती आले, हे आमच्याकडचा चौथी शिकलेला म्हातारा बोटांवर सांगतो. हाच म्हातारा पंचायतीच्या वर्षभराच्या खर्चाबद्दल एक शब्द विचारत नाही. लाखांचे आकडे त्याच्या अंगावरून जातात. का? कारण कारखान्यात त्याचा शेअर आहे. पंचायतीतला पैसा ‘वरून’ आलाय, तो कुणीही खाल्ला तरी आपल्या ताटातला गेला असं त्याला वाटत नाही. घरपट्टी हा गावातला आपला शेअर आहे. ज्यानं तो बुडवला त्याची विचारायची जीभ आपसूक जड होते, आणि कारभाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. थकबाकीदार गाव त्यांच्या सोयीचं असतं.

‘पण हिवरेबाजारनं करून दाखवलं ना?’ हे आता येणारच. आमच्या जिल्ह्याला आदर्श गावांचा शाप आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार यांची नावं घेतली की बाकी जिल्हा खाली मान घालतो. पोपटराव पवारांच्या गावानं जे केलं त्याबद्दल मला आदरच आहे. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा, उसासारखं पीक घ्यायचं नाही असं ठरवायचं, आणि ते पाळायचं, हा खरा कारभार. पण ते हजार-दीड हजार वस्तीचं गाव. तिथं ग्रामसभेला घरटी माणूस आला की देवळापुढं मावतो. बाजारगावात अर्धे लोक भाड्यानं राहणारे, दुकानदार, शिक्षक, कारखान्याचे कामगार, कुठून कुठून आलेले मजूर. त्यांना एका माणसाच्या शब्दावर चालवता येत नाही, चालवूही नये. आदर्श गावाच्या गोष्टीतून आपण नेमका चुकीचा धडा घेतला: एक भला माणूस मिळाला की झालं. मग आपण भल्या माणसाची वाट बघत बसतो, आणि तोवर गटार वाहत राहतं.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे आणि तिला मी हसण्यावारी नेणार नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला कडाडून विरोध केला होता, आणि १९४८मध्ये घटना समितीतही त्यांनी खेड्याच्या गौरवगाण्याला साथ दिली नाही. त्यांचं म्हणणं साध्या शब्दांत असं, की गावाच्या हाती सत्ता म्हणजे गावातल्या बळकटांच्या हाती सत्ता. ज्याला हे जुनं वाटतं त्यानं आपल्या गावात नळाचं पाणी कुठल्या वस्तीला शेवटी पोचतं ते बघावं. सिमेंटचा रस्ता कुठं थांबतो ते बघावं. तो गावाच्या कडेला बरोबर कुठल्या घरांच्या आधी थांबतो हे नकाशा न काढता सांगता येतं. म्हणून तर सदस्यांच्या जागा राखीव झाल्या, सरपंचपद फिरतं झालं, महिलांची वेगळी सभा आली. तेवढ्यानं काम भागलेलं नाही. पण या हरकतीतून ‘मग प्रशासकच बरा’ असं निघत नाही. प्रशासक वाड्यावरच चहाला जातो. कडेच्या वस्तीला उपयोगी पडणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे भर सभेत नाव घेऊन विचारलेला प्रश्न आणि वहीत लिहिलं गेलेलं उत्तर.

वहीवरून आठवलं. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवशी होतात. वर्षाला किमान चार हव्यात. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. म्हणजे कितीही मोठं गाव असलं तरी शंभर माणसं पुरतात. ती जमत नाहीत. मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. हे कलम कुणी लिहिलं त्याला मला एकदा भेटायचंय. आमच्याकडे काही गावांत सभा तहकूब करण्यासाठीच बोलावतात. झेंडावंदन झालं, मुलांना बिस्किटं वाटली, लोक पांगले, ‘गणपूर्तीअभावी सभा तहकूब’. आठ दिवसांनी पंधरा-वीस जण ऑफिसात बसतात आणि गावाचं वर्ष ठरवतात. दवंडी आता कुणी देत नाही, व्हॉट्सॲपवर सकाळी फोटो येतो, तोही सुप्रभातच्या फुलांत सापडला तर.

अशाच एका तहकूब सभेला मी गेलो होतो. सरपंच बोलत होते, उपसरपंच बोलत होते, कोट्यवधींचे प्रस्ताव कुठल्या टेबलावर आहेत याची चर्चा चालली होती. दाराशी एक बाई उभी होती, बसायला कुणी सांगितलं नव्हतं. मध्येच ती म्हणाली, ‘आमच्या आळीला पाणी कवा सोडणार, तेवढं सांगा. दिवस नको, येळ सांगा. मला कामाला जायचं असतं.’ सगळे एकदम गप्प. ‘मावशी, त्याचं पण प्रपोजल गेलंय वर,’ कुणीतरी म्हणालं. पाणी सोडायचं म्हणजे शिपायानं वॉल्व्ह फिरवायचा. त्याला मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. वेळ ठरवून भिंतीवर लिहायला खडू लागतो. पण ‘वर’ ही दिशा आमच्या अंगात इतकी भिनलीय की शेजारच्या गल्लीतला वॉल्व्हसुद्धा वरच असतो. ती बाई थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. तिचा प्रश्न प्रोसिडिंगमध्ये आला नाही, कारण तो विषयपत्रिकेवर नव्हता.

पंचायत गावासाठी काय करते, हा प्रश्न मला त्या बाईच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटत नाही. वेळ ठरवणं, ती सगळ्या आळ्यांना सारखी लावणं, पाळली नाही तर उत्तर देणं. दिवे, गटार, कचरा, बाजाराच्या दिवशी रस्त्यात कुठं बसायचं आणि कुठं नाही, यात्रेच्या गर्दीत पाणी आणि शौचालय, या सगळ्याला हेच लागू. कचऱ्याचं तर विचारू नका. २०१६चे घनकचऱ्याचे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं शहरं होती. बाजारगावात प्लास्टिक शहराएवढंच निघतं, ते टाकायला मात्र ओढा आणि नदीकाठच असतो. प्रवरा भंडारदऱ्याहून येते आणि पुढं गोदावरीला मिळते. वाटेतल्या प्रत्येक गावाला वाटतं की घाण खालच्या गावाची.

शेवटची गोष्ट घरपट्टीचीच. २०२५च्या सप्टेंबरात सरकारनं पंचायतराजचं एक अभियान सुरू केलं आणि नोव्हेंबरात सांगितलं की निवासी घरांच्या जुन्या थकबाकीत ग्रामपंचायतींना निम्मी सूट देता येईल. ग्रामसभेनं ठरवायचं. सूट मिळाल्यावर वसुली वाढते, आकडे चांगले दिसतात, बक्षिसं मिळतात. गरिबाला सूट द्या, मी हात वर करीन. पण वर्षानुवर्षं न भरणाऱ्या बंगलेवाल्याला निम्मं माफ, आणि मजुरी करून दर मार्चात पट्टी भरणाऱ्याला काय? वेडा ठरल्याचा दाखला?

१८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होता. स्वागतावर नगरपालिकेनं हजार रुपये खर्चावे असा ठराव आला. जोतीराव फुले तेव्हा सभासद होते, तेही सरकारनं नेमलेले. त्यांनी सांगितलं, हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर घाला. विरोधात मत देणारे ते एकटेच होते. ठराव मंजूर झाला, पण कुणीतरी नाही म्हटल्याची नोंद राहिली म्हणून आज ती आपल्याला माहीत आहे.

मी फुले नाही, तेव्हा तुलना नको. आमच्या गावात सवलतीचा ठराव आला तेव्हा सभेला तेवीस माणसं होती, मोजली होती. मी उभा राहून म्हणालो, सरसकट सूट नको, उत्पन्न बघून द्या, आणि माझा विरोध लिहून घ्या. हसले लोक. ‘सर, एकट्याचा विरोध कसा लिहायचा? गावात वितुष्ट दिसतं.’ हे म्हणणारा माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच माझी काळजी वाटत होती. मी पुन्हा म्हणालो, लिहा. त्यानं मान हलवली, पेन हातात घेतलं.

महिन्यानं ठरावाची नक्कल मागितली. रीतसर अर्ज, रीतसर फी. दोन हेलपाटे झाले, तिसऱ्यांदा मिळाली. सूचक, अनुमोदक, सगळं जागच्या जागी. शेवटच्या ओळीत लिहिलंय: सर्वानुमते मंजूर.